जर्मन ड्राय व्हाइट वाईन आणि सोबत खायला काय? (मदत हवी, शनिवारच्या आत)

अर्धाशहाणा
मंडळी नमस्कार, मॅनहाइमला येऊन दीड वर्ष झालं. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहतात, फार गोड माणसं. मे महिन्यात त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं, श्पार्गेल म्हणजे तो पांढरा ॲस्परॅगस, उकडलेले बटाटे, वर पिवळा लोणीदार सॉस, आणि सोबत एक व्हाइट वाईन. आयुष्यात पहिल्यांदा वाईन आवडली हो. गोड अजिबात नाही, स्वच्छ, थंडगार, घोट घेतला की परत खावंसं वाटायचं. नाव विचारायचं राहिलं (लाज वाटली, कबूल).

मग मी शहाणपणा केला. सुपरमार्केटात गेलो, लांब मानेची हिरवी बाटली दिसली, लेबलवर रीसलिंग (ही द्राक्षाची जात म्हणे) आणि खाली श्पेटलेज, ९ युरो, म्हटलं महाग आहे म्हणजे चांगलीच असणार. घरी बायकोने डोराडे मासा रवा लावून तळला होता, बाटली उघडली आणि पहिला घोट घेतला तर साखरेचा पाक! माशाबरोबर रसना पितोय असं वाटलं. बायको अजून हसतेय.

आता पुढच्या शनिवारी त्याच आजी-आजोबांना आपल्याकडे बोलावलंय. जेवण आपलंच करायचं, त्यांना तिखट फार चालत नाही पण मसाल्याची हौस आहे. तर (१) ड्राय बाटली ओळखायची कशी आणि (२) आपल्या कुठल्या पदार्थांबरोबर जाईल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिंचोका
कोरडी वाईन म्हणजे पावडर का? पाण्यात कालवून घ्यायची? (ह.घ्या.)
बाकी जर्मनी म्हणजे बिअर, हे आपलं फायनल आहे. माहितगार येईपर्यंत खुर्ची पकडून बसतो.

रानजाई
अर्धाशहाणा, तुम्ही एकटे नाही. १४ वर्षं माइन्त्समध्ये काढली, पहिल्या वर्षी मीपण हेच केलं होतं.

घोळ असा आहे की श्पेटलेज (शब्दशः उशिराची तोडणी), काबिनेट, आउसलेज हे शब्द वाईन किती गोड आहे ते सांगतच नाहीत. द्राक्षं काढताना किती पिकली होती, म्हणजे रसात साखर किती होती, ते सांगतात. ती मोजतात एक्सले नावाच्या अंशात, फोर्ट्सहाइमच्या एका सोनार-कारागिराच्या नावावरून. आता त्या रसातली साखर यीस्टने सगळी खाल्ली तर वाईन ड्राय, मधेच थांबवलं तर गोड. त्यामुळे श्पेटलेज ड्रायपण असते आणि गोडपण. लेबलवर ट्रॉकन हा शब्द असेल तरच ड्राय धरा. नुसतं श्पेटलेज लिहिलंय आणि ट्रॉकन कुठे दिसत नाही, तर ती गोड निघायची शक्यता भरपूर.

ट्रॉकनचा कायदा सांगते: लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर. पण आंबटपणा चांगला असेल, म्हणजे साखरेपेक्षा २ ग्रॅमहून जास्त कमी नसेल, तर ९ ग्रॅमपर्यंत चालते. वाईनमध्ये ९ ग्रॅम साखर आणि ७ ग्रॅम आम्ल असलं तरी लेबलवर ट्रॉकन, आणि जिभेला ती ड्रायच लागते, कारण आंबटपणा साखरेला झाकून टाकतो. लिंबू सरबतात साखर किती जाते आठवा. त्याच्यावर, म्हणजे वाढत्या गोडीने, हाल्बट्रॉकन, मग लीबलिश, मग झ्युस. मधे एक फाइनहेर्ब नावाचा प्रकार आहे, त्याची कायद्यात व्याख्याच नाहीये, साधारण हाल्बट्रॉकनच्या आसपास असते, कधी थोडी पुढे.

आणि जर्मन वाचायचा कंटाळा आला असेल तर बाटलीच्या मागे अल्कोहोलचा आकडा बघा. ८-९ टक्के असेल तर साखर वाईनमध्येच राहिलीये, गोड निघणार. १२ किंवा वर असेल तर बहुतेक ड्राय. आमच्या भिशीतल्या बायकांना मी एवढंच शिकवलंय, आजवर कोणी फसलं नाही.

ढब्बूमिरची
रानजाईताईंना अनुमोदन, फक्त एक खड्डा सांगतो. ट्रॉकनबीरेनआउसलेज नावाची बाटली असते. नावात ट्रॉकन आहे म्हणून ड्राय समजू नका! तिथे कोरडी झालेली असतात ती द्राक्षं, बुरशीने सुकून मनुका झालेली, एकेक मणी वेचून काढतात. जगातल्या सगळ्यात गोड वाईनपैकी एक, आणि किंमत बघून घाम फुटेल. अर्ध्या बाटलीलाच. तुमचं ९ युरोवर निभावलं म्हणून देवाचे आभार माना.

चिंचोका
म्हणजे कोरडी लिहिलेली गोड, आणि उशिराची लिहिलेली कोरडीपण असू शकते. असे नियम करणाऱ्यांना पुण्याच्या दुकानाबाहेर पाट्या लिहायला बसवा.

बल्लव_१
पहिला प्रश्न सुटला, मी दुसऱ्याकडे वळतो, माझ्या जिव्हाळ्याचा.

तुम्ही आजींकडे प्यायलात ती रीसलिंग नसावी असा माझा अंदाज. श्पार्गेलबरोबर इकडे सिल्वानर पितात, विशेषतः फ्रांकन भागातली. बाटली चपटी, पोटाकडे गोल, जुन्या पाण्याच्या चामडी थैलीसारखी होती का? तिला बोक्सबॉयटल म्हणतात (शब्दाचा अर्थ आजींना विचारू नका, आजोबांना विचारा). सिल्वानर फ्रांकनमध्ये १६५९ साली कास्टेल गावात लावल्याची नोंद आहे, म्हणजे शिवाजीमहाराजांनी अफजलखानाचं पारिपत्य केलं ते वर्ष. चव म्हणाल तर रीसलिंगसारखा खणखणीत आंबटपणा नाही, थोडी मातकट, हिरवट, कच्च्या नासपतीसारखी. ॲस्परॅगसला स्वतःची कडवट-गोड अशी विचित्र चव असते, रेड वाईन त्याच्यापुढे पत्र्यासारखी लागते, आणि जोरकस वाईन त्या सॉसशी भांडते. सिल्वानर गप्प बसून साथ देते, तंबोऱ्यासारखी.

तुमच्या शेजारीच श्वेत्सिंगन आहे ना, तिथला श्पार्गेल नावाजलेला. हंगाम २४ जूनला संपतो, योहानिसटागला, त्यानंतर शेतकरी कापणं थांबवतात म्हणजे झाडाला पुढच्या वर्षीसाठी ताकद धरता येते. तेव्हा शनिवारी ते जमणार नाही, दुसरं बघू.

जर्मन जेवणात ट्रॉकन रीसलिंग कुठे लागते ते बघितलं की आपल्याकडचं आपोआप कळतं. नदीतला ट्राउट लोण्यात परतलेला. फाल्ट्समधला (तुमच्या जवळचाच वाईनचा प्रदेश) आंबवलेला कोबी आणि सॉसेज. फ्लामकुखन, म्हणजे पातळ भाकरीसारख्या पोळीवर आंबट साय, कांदा, बेकन. सगळीकडे एक तर तूप-लोणी-चरबी आहे किंवा आंबट आहे. तळलेल्यावर आपण लिंबू का पिळतो, तेच काम ग्लासातली रीसलिंग करते. त्यामुळे रवा लावलेला मासा हा तुमचा पदार्थ बरोबरच होता, बाटली चुकली. तोच मासा परत करा.

अर्धाशहाणा
बल्लवकाका, चपटी बाटलीच होती!!! मला वाटलं आजोबांकडची जुनी शोभेची असेल.

खानदेशी_पाव्हणा
मी जरा विरोधी सूर लावतो. स्टुटगार्टला असताना ऑफिसात एकाने ऐकवलं की भारतीय जेवणाबरोबर रीसलिंग बेस्ट. म्हणून चांगली ट्रॉकन आणली, १३ टक्क्यांची, आणि घरी शेवभाजी केली, आपल्या पद्धतीची, काळा मसाला, वर तर्री. भाऊ, आग लागली. तिखट दुप्पट आणि वाईन नुसती आंबट पाणी. तेव्हापासून मी जेवणाबरोबर ताक पितो आणि सुखी आहे.

रानजाई
पाव्हणं, ऑफिसवाल्याने अर्धंच सांगितलं. रीसलिंग चालते ते ड्राय नाही, थोडी साखर असलेली, कमी अल्कोहोलवाली. मिरची जिभेवरच्या ज्या जळजळीच्या जाणिवेला चेतवते तिलाच अल्कोहोलही चेतवतं, म्हणून १३ टक्क्यांची वाईन म्हणजे तिखटावर फुंकर नाही, पंखा. शेवभाजीला मोझेल नदीकाठची फाइनहेर्ब किंवा साधी काबिनेट घ्या, ८-१० टक्क्यांची, थोडी गोडसर, गार करून. अर्धाशहाणांनी नावं ठेवलेली ती गोड श्पेटलेजसुद्धा तुमच्या तर्रीबरोबर बहरली असती.

बल्लव_१
तिखटाबद्दल सगळेच बोलतात. माझ्या मते ट्रॉकनचा खरा शत्रू तिखट नाही, गूळ आहे.

गेली काही वर्षं घरी हे पारखून बघतोय. ताटात गोड आलं की ड्राय वाईन लगेच आंबट, बारीक, रागावल्यासारखी लागते. ताटात आंबट किंवा खारट आलं की तीच वाईन गोलाई धरते. जीभ तुलना करते, बाकी काही नाही, पेढा खाऊन चहा प्यायला की चहा फिका लागतो ना, तसंच. आता आपलं स्वयंपाकघर बघा. चिंचगुळाची आमटी, अळूचं फदफदं, भरली वांगी, डाळिंबी उसळ, सगळ्यात गुळाचा खडा. मिरची कमी असली तरी ट्रॉकन तिथे हरते. आपण म्हणतो भारतीय जेवण आणि वाईन जमत नाही, आणि दोष बिचाऱ्या मिरचीच्या माथी.

त्यामुळे शनिवारी सोपा नियम: आंबट आमसुलाने किंवा लिंबाने आणा, चिंचगुळाने नको. रवा मासा चालेल, सोलकढीही चालेल पण त्यात साखर घालू नका. अळूवडी नको, आत चिंचगूळ असतो. कोथिंबीर वडी मात्र उत्तम.

तुपाची_धार
कोथिंबीर वडीतही चमचाभर साखर घालतात.

बल्लव_१
कोण घालतं?

तुपाची_धार
आम्ही घालतो. पिढ्यान्पिढ्या.

खानदेशी_पाव्हणा
आलं कोकणस्थ-देशस्थ. धाग्याचं काश्मीर होणार, मी शेंगदाणे घेऊन येतो.

तुपाची_धार
भांडायला नाही आले हो. खरा प्रश्न आहे. आम्ही पक्के शाकाहारी, कोणीतरी म्हणालं वाईनमध्ये माशाचं काहीतरी घालतात, खरं का?

ढब्बूमिरची
अर्धं खरं. वाईन नितळ करायला काही जण जिलेटिन, माशाच्या पिशवीतला पदार्थ, अंड्याचं पांढरं किंवा दुधातलं केसिन वापरतात. ते घाण ओढून तळाशी बसतं आणि मग गाळून काढतात. बरेच जण आता बेंटोनाइट माती किंवा वाटाण्याचं प्रोटीन वापरतात. मागच्या लेबलवर वेगान लिहिलेलं बघून घ्या, इकडे हल्ली सर्रास असतं.

तुपाची_धार
धन्यवाद. आता शाकाहारी माणसाने सोबत खायचं काय तेही सांगा, सगळे माशावरच अडकलेत.

रानजाई
ताई, तुमच्यासाठी तर हा देश सोन्याचा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इकडे त्स्वीबलकुखन करतात, कांद्याची जाड खारी वडी म्हणा, वर सायीचं आवरण (बेकन नको म्हणून सांगायचं). त्याच्याबरोबर अर्धवट आंबलेला नवा रस पितात, फेडरवाइसर, तो गोडसर असतो, बाटलीचं बूच घट्ट नसतं, आडवी ठेवली तर फ्रिजभर होळी. अनुभवाचे बोल.

ट्रॉकन हवी तर पनीर, लोण्यातल्या पालेभाज्या, आंबट दह्यातली कढी (साखर न घालता, कळलं ना), भाजणीचं थालीपीठ आणि लोणी. थालीपिठाला मी वाइसबुर्गुंडर लावते. ही रीसलिंगपेक्षा मऊ, बदामासारखी, भांडकुदळ नाही. नारळाच्या दुधातलं काही असेल तर ग्राउबुर्गुंडर, अंगाने भरलेली, बाडनमधल्या काइझरश्टूल भागातली घ्या, जुन्या ज्वालामुखीच्या टेकड्या आहेत, जर्मनीतला सगळ्यात उबदार कोपरा. हीच ग्राउबुर्गुंडर इटलीत पिनो ग्रिजो होते, म्हणजे नाव ओळखीचं निघेल.

मुंबईचा_पोपट
आमच्याकडे वडील सांगायचे जर्मन वाईन म्हणजे गोड पाणी, निळी बाटली, कोणीतरी ड्यूटीफ्रीतून आणायचं. ते काय होतं?

ढब्बूमिरची
ते लीबफ्राउमिल्श वगैरे. वोर्म्सच्या एका चर्चभोवतीच्या मळ्यांवरून नाव पडलं, मग नाव मोठं झालं आणि कुठलीही गोडसर मिश्रणं त्या नावाने बाहेर जाऊ लागली. जर्मन लोक स्वतः ती फारशी पीतच नव्हते, एक्स्पोर्टचा माल. जगाला वाटलं हीच जर्मन वाईन. हापूसच्या नावाखाली परदेशात टिनमधला आमरस खाल्लेल्यांनी हापूसवर मत द्यावं, तसं.

पैठणी_पुराण
माझा प्रश्न खर्चाचा. काही ट्रॉकन ६ युरोला आणि काही ४०ला, फरक काय? बुचावर गरुडाचं चित्र असलेली एक बघितली, ती काय भानगड?

रानजाई
गरुडाच्या पोटावर द्राक्षांचा घड असेल तर तो फाउडेपे नावाच्या उत्पादकांच्या संघाचा शिक्का, संघ १९१० पासूनचा. त्यांच्यात पायऱ्या आहेत: गुट्सवाइन म्हणजे घरची साधी, ऑर्ट्सवाइन म्हणजे गावाची, मग एर्स्टे लागे, आणि सगळ्यात वर ग्रोसे लागे, म्हणजे नावाजलेला विशिष्ट मळा. त्या वरच्या मळ्यातल्या ड्राय वाईनला ग्रोसेस गेवेक्स म्हणतात, बाटलीवर जीजी. ती ४०ची असेल. चढावर हाताने काम असतं, मोझेलवर ब्रेममचा काल्मोंट मळा बघितलात तर चक्कर येईल, उतार ६५ अंशांच्या घरात, आपल्या हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर द्राक्षं लावल्यासारखं. ट्रॅक्टर कुठला जायला.

पण अर्धाशहाणा, शनिवारला जीजी नको. तरुण जीजी आखडलेली असते, काही वर्षं थांबावं लागतं. फाल्ट्सची गुट्सवाइन घ्या, ८-१० युरो, रीसलिंग ट्रॉकन. तुमच्या मॅनहाइमहून ४ नंबरची ट्राम थेट बाड ड्युर्कहाइमला जाते, मळ्यांमधून. रविवारी दोघं जा आणि तिथूनच आणा.

मुंबईचा_पोपट
एका मित्राकडे जुनी रीसलिंग प्यायलो, रॉकेलचा वास! खराब झाली होती का?

ढब्बूमिरची
नाही हो, तो तिचा म्हातारपणाचा मान. उन्हात पिकलेल्या द्राक्षांतून वर्षं गेली की एक द्रव्य तयार होतं, त्याचा वास पेट्रोलसारखा. थोडा असला तर लोक डोळे मिटून हुंगतात. मला स्वतःला स्टोव्ह पेटवणारी आजी आठवते, त्यामुळे माझं मत निष्पक्ष नाही.

बल्लव_१
बाड ड्युर्कहाइमचं नाव निघालंच आहे तर, तिथे सप्टेंबरात वुर्स्टमार्क्ट भरतो, नाव सॉसेजबाजार पण खरी जत्रा वाईनची. अर्धा लिटरचा डुब्बेग्लास मिळतो, काचेवर बोटं बसायला गोल खळगे, ओल्या-तुपकट हातातून निसटू नये म्हणून. तो एकट्याने प्यायचा नाही, बाकावर शेजारी जो असेल त्याच्याकडे सरकवायचा. फाल्ट्सचा खास पदार्थ झाउमागन, डुकराच्या पोटात मांस-बटाटे भरून शिजवलेला. चॅन्सलर हेल्मुट कोल त्याच गावांकडचा माणूस, आलेल्या पाहुण्याला हेच खायला घालायचा, १९८९ साली मार्गारेट थॅचर बाईंना डाइडेसहाइमला नेऊन खिलवलं. बाईंनी किती खाल्लं ते देव जाणे. आपल्याकडे वजडी खाणाऱ्याला काहीच वाटणार नाही, आणि सोबत ट्रॉकन रीसलिंग, चरबी कापत जाते.

अर्धाशहाणा, शेवटची सूचना: फ्रिजमधून काढून १५-२० मिनिटं बाहेर ठेवा. अगदी गारठलेली असेल तर वास येत नाही, नुसता आंबटपणा कळतो.

पैठणी_पुराण
वाचनखूण साठवली. शनिवारचा वृत्तांत पाहिजे, फोटोसकट.

अर्धाशहाणा
वृत्तांत! फोटो नाहीत, हात तेलाचे होते.

रविवारी ट्रामने गेलो, एका शेतकऱ्याच्या अंगणातूनच घेतली, दारावर झाडू टांगलेला होता, म्हणजे श्ट्राउसविर्टशाफ्ट, हंगामापुरती घरगुती खानावळ. चार बाटल्या आणल्या: दोन रीसलिंग ट्रॉकन, एक ग्राउबुर्गुंडर, आणि निघताना त्या बाईने एक लिटरची साधी रीसलिंग हातात कोंबली, ५ युरो, म्हणाली ही रोजची.

मेनू: कोथिंबीर वडी (साखर नाही, माफ करा तुपाचीधारताई), रवा डोराडे, सोलकढी, नारळाच्या दुधातली कोलंबी, भात. बायकोने सवयीने कोलंबीत गुळाचा खडा टाकायला हात पुढे केला, मी ओरडलो, ती म्हणाली वाईनसाठी आता माझ्या आईची रेसिपी बदलायची का, पाच मिनिटं वातावरण तंग. नाही टाकला.

वडी आणि रीसलिंग, काय सांगू. बल्लवकाका, तुमचा लिंबाचा मुद्दा शंभर टक्के. आजींनी सहा वड्या खाल्ल्या आणि विचारलं यात कुठली पालेभाजी. सोलकढीबरोबर मात्र वाईन मला नाही जमली, दोन्ही आंबट, कोण कोणाचं तेच कळेना, ती मी वेगळी पिऊन टाकली. कोलंबी-ग्राउबुर्गुंडर जोडीला बायकोचेही पूर्ण मार्क.

आणि आता गंमत. मी रानजाईताईंनी शिकवलेलं सगळं आजोबांना ऐकवलं, ४ ग्रॅम, ९ ग्रॅम, एक्सले, गरुड. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, सोडावॉटर आहे का? आणि ग्लासात वाईन, वर सोडा. शॉर्ले म्हणे. फाल्ट्सचा माणूस घरी हेच पितो म्हणे.

रानजाई
कुठल्या बाटलीत घातला?? अंगणातून आणलेल्या रीसलिंगमध्ये???

अर्धाशहाणा
नाही हो, लिटरवाल्या. चांगली बाटली त्यांनी आधी बिनसोड्याची संपवली होती.